ऑकलंड ते मुंबई, वीस तास

"आता कुठं आलं विमान?" जाईबाईनं विचारलं.

भिवानं मोबाइल लांब धरून पाहिलं. शेजारच्या लतिकानं त्यात नकाशा लावून दिला होता. निळ्या समुद्रावर इवलंसं विमान.

"सिंगापूर सोडलं. अजून चार तास."

"एकूण किती लांब हो ते ऑकलंड?"

"बारा हजार तीनशे किलोमीटर. मधला थांबा धरून वीस तास."

"एवढंच? मग नऊ वर्षं का लागली त्याला?"

भोईवाड्यातल्या या खोलीत नऊ वर्षं दोघंच राहत होती. धम्मपाल दर रविवारी फोन करायचा. मागच्या महिन्यात बाप-लेकाचं वाजलं. "खोली विका नि इकडे या," मुलगा म्हणाला. भिवानं रागानं फोन ठेवला. पुढचे दोन रविवार मुलाचा फोन वाजला, तो यानं उचललाच नाही.

गेल्या मंगळवारी पुन्हा तिकडून फोन आला. भिवा गॅलरीत जाऊन बोलला. आत येऊन एवढंच म्हणाला, "धम्मपाल येतोय."

आणखी सांगायचं होतं. पण आठ दिवस तो सांगायला तोंड उघडायचा आणि पाणी मागायचा.

आज जाईबाईनं सकाळीच खाट भिंतीला उभी केली आणि सगळी जमीन पुसून काढली. "बरीच माणसं येतील," म्हणाली. भिवानं मान फिरवली.

"सुकटीची चटणी कर. आवडते त्याला."

"करते की." पण ती गॅसकडे गेली नाही. भिवाच्या जवळ येऊन बसली. "एकटाच येतोय?"

"एकटाच."

"विमानात झोप लागते का हो?"

"लागते म्हणे." भिवानं चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसत राहिला.

दुपारी लतिकाचा नवरा सुशांत गाडी घेऊन खाली आला. त्यानं हॉर्न वाजवला नाही, नुसता वर बघत उभा राहिला. भिवानं पांढरा सदरा घातला.

"मी येऊ?" जाईबाईनं विचारलं.

"नको. ऊन आहे. तू घरातच थांब."

दोन पायऱ्या उतरून भिवा परत वर आला. कठडा घट्ट धरला.

"जाई, तुला एक सांगायचं राहिलंय..."

"काही सांगू नका." जाईबाईनं त्याच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं. "पेटी जड असते म्हणे. खांद्याला चार जण न्या. आणि थेट स्मशानात नाही, आधी घरी आणा त्याला."