आबांच्या पलंगाचा दिवा

पुनमने धुळ्याहून आणलेला दिवा पिशवीतून काढला, आबांच्या माजघराच्या फळीवर ठेवला आणि पिन खोचली. दिवा लागला.

बाहेर ओट्यावर दारावर, सांत्वनाला आलेली माणसं बसली होती. आबांचा पलंग आतल्या खोलीत होता, आणि आबांना कालच पोचवून आले होते.

"अक्का, पलंगावर कोणी नाही, तरी लागलाय बघ," हिलाल म्हणाला. तिचा हा धाकटा भाऊ सुरतेहून जेमतेम अंत्यविधीला पोचला होता. "या डबड्याच्या भरवशावर राहिलो आपण."

डबडं ऋतिकाने बनवलं होतं, पुनमच्या मुलीने, जळगावला कॉलेजात असताना. पारोळ्याला आबांच्या गादीखाली वजन ओळखणारी पट्टी, धुळ्याला पुनमच्या स्वयंपाकघरात दिवा. आबा आडवे झाले की लागायचा, उठले की विझायचा. डॉक्टरांनी दुपारी पडून राहायला सांगितलं होतं. सारखं फोन करून विचारायला नको. भाजी चिरता चिरता मान वर केली की कळायचं.

काल आबा बाजारात कोसळल्याचा फोन आला, तेव्हाही दिवा लागलेला होता. पुनमने त्या माणसालाच झापलं होतं, "आमचे आबा घरी झोपलेत!" पुन्हा फोन येईपर्यंत अर्धा तास गेला.

ती उठली, आतल्या खोलीत गेली. पलंगावर गोधडी उशीपर्यंत ओढलेली होती. तिने ती बाजूला केली.

खाली दादर ज्वारीची गोणी होती. तोंडाला आबांची गाठ.

दारातून शेजारची झुंबरबाई बघत होती. पुनमने नुसतं तिच्याकडे पाहिलं.

"मी काय करू, माय?" झुंबरबाईने पदर डोळ्यांना लावला. "रोज दोन वाजनात का तुना बाप बजारमा. झुलाल नानानी रसवंतीवर बठ्ठा म्हातारा गोळा व्हयेत. गोणी ठेवाले मीच हात लावू. म्हने, दिवा लावी टाकू, पोरले घोर नको. काल बी हसता हसताच पडना तो."

"म्हणजे आबांनीच फसवलं," हिलालचा आवाज चढला. "डॉक्टरने बजावलं होतं. पडून राहिले असते तर आज..."

"तर काय?" पुनम म्हणाली. "छताकडे बघत पडले असते."

हिलालने उचलायला गोणीच्या तोंडाला हात घातला.

"ठेव ती."

"अक्का, लोक बसलेत बाहेर. बघतील ते काय म्हणतील?"

पुनमने गोधडी पुन्हा उशीपर्यंत ओढली, कडेने नीट खोचली. मग माजघरात आली. हिलाल तिच्या आधी फळीपाशी पोचला होता, पिन उपटायला. तिने त्याचं मनगट धरलं.

"राहू दे. दिवा लागलाय ना? म्हणजे आबा बाजारात गेलेत."