वरची जाळी

"दोन सशांना एवढा पिंजरा?" नजीरभाईंनी मापाचा कागद उलटसुलट करून पाहिला. "यात बकरी मावंल, श्रीमंतराव."

खिशातून गाठी मारलेली सुतळी काढून श्रीमंतने टेबलावर ताणून धरली. सहा फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट उंच.

उदगीरच्या स्टँडमागे नजीरभाई तीस वर्षं खिडक्यांच्या जाळ्या करत होते. ससे, पोपट, पांढरे उंदीर, सगळ्यांची घरं त्यांच्या हातून गेली होती आणि त्या कामात आपल्याला कुणी शिकवू नये असं त्यांचं स्पष्ट मत होतं. तरी त्यांनी नीट समजावलं. सशांना बारीक तार पुरते. खाली सरकता पत्रा हवा, नाहीतर घाण साचते. तारांची टोकं बाहेर वळवली की पंजाला लागत नाहीत.

"पत्रा नको," श्रीमंत म्हणाला. "तळच नको. अन् तार न्हाई, सळी घाला. बोटाएवढी. वरची जाळी दुहेरी करा."

"वरची कशाला?"

"मांजर वरूनच येतंय."

"अन् दार?"

"माणूस वाकून आत शिरंल एवढं. झाडायला बरं पडतंय."

"कडी कशी लावू?"

"कडीचं माझं मी बघतो. सुटा करून द्या. लातूरला तिसऱ्या मजल्यावर न्यायचाय, वर नेऊन जोडू."

श्रीमंत जळकोटकडचा शेतकरी. त्याची पुनम लातूरला डॉक्टरकीच्या क्लासला होती आणि तिची आई तिथंच खोली करून तिला रांधून घालत होती. एवढं नजीरभाईंना ठाऊक होतं. त्यात नवल काहीच नव्हतं, अलीकडे अर्धा तालुका लातूरला असाच बिऱ्हाड थाटून बसला होता.

दुपारी वहिदा जेवणाचा डबा घेऊन दुकानात आली. कागदावरचं नाव बघून ती थबकली.

"अजी, याचीच पोरगी क्लास सोडून पळाली होती ना? अहमदपूरच्या स्टँडवर बापानं धरली. माझी बहीण तिथंच उभी होती. लई रडत होती म्हणे पोर. तसंच बसमध्ये घालून परत नेलं खोलीवर."

नजीरभाईंनी मापाचा कागद जवळ ओढला. "किती उंच हाय ती?"

"मला काय माप माहीत? माझ्याएवढी असंल."

वहिदा पाच फुटांची होती. नजीरभाईंनी डबा झाकून ठेवला.

काम नाकारावं, तर श्रीमंत दुसऱ्या दुकानात जाणार आणि तिथला माणूस डोळे झाकून पक्कं करून देणार. पोलिसांत जावं, तर सांगायचं काय? एकानं सशांचा पिंजरा सांगितला म्हणून? दोन दिवस ते स्वतःशीच चरफडत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी सळ्या कापायला घेतल्या.

चारी बाजू त्यांनी चोख केल्या. वरच्या जाळीशी येऊन मात्र ते थांबले. कोंडलेलं माणूस उठायला बघणार, आणि उठताना पाठ वरच लावणार. त्यांनी दोन्ही जाळ्यांच्या सळ्या चौकटीच्या आतल्या कडेला नुसत्या टेकवल्या, टोकाला नावापुरता वेल्डिंगचा थेंब दिला, खाचा रंगकामाची लांबी भरून बुजवल्या आणि वर काळा रंग मारला. पाठीचा एक रेटा बसला की जाळी निखळून येणार होती. तीस वर्षांत त्यांनी असं कच्चं काम केलं नव्हतं. त्यांना लाज वाटली, आणि तरीही मनावरचा दगड उतरला.

श्रीमंतने माल नेताना प्रत्येक जाळी हाताने चाचपून पाहिली.

"पक्कं हाय ना, नजीरभाई? तुमच्या भरवशावर आलोय."

"हाव," नजीरभाई म्हणाले आणि उगाच रंगाचा डबा आवरत बसले.

जोडून देण्यासाठी ते टेम्पोबरोबर लातूरला गेले. खोलीत पुनम भिंतीला टेकून पुस्तक घेऊन बसली होती. डोळे सुजलेले. पिंजऱ्याकडे तिने मान वर करून पाहिलं नाही. बाप जरा बाहेर गेला की तिच्या कानात सांगायचं, बेटा, वर पाठ लाव, निघंल, असं नजीरभाईंनी ठरवलं होतं. पण श्रीमंत जागचा हलेना. शेवटचा बोल्ट आवळला. तेव्हा पुनम स्वतःच उठली आणि तिने पिंजऱ्यात गादी अंथरली.

नजीरभाईंना राहवलं नाही. "ससे कुठं हायत, श्रीमंतराव?"

श्रीमंतने मान खाली घातली. "ससे न्हाईत, भाऊ. खरं सांगितलं की लोक हसतेत."

पुनम जिना उतरून गेली आणि आईला हाताला धरून वर घेऊन आली. साखराबाई उंबऱ्याशी थांबली. तिने एकदा छताकडे पाहिलं, दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि धावत जाऊन पिंजऱ्यात शिरली.

"अठरा वर्षं झाली," श्रीमंत म्हणाला. "किल्लारीच्या भूकंपात हिला पडलेल्या माळवदाच्या छताखालून उकरून काढली. तवापासून छताखाली डोळा न्हाई लागला. इथं गच्चीवर झोपायची, मालकानं गच्चीला कुलूप घातलं. महिना झाला, खाली रस्त्यावरच्या ओट्यावर बसून राहती. पोरीला बघवंना, म्हणून ती शिक्षण सोडून निघाली होती."

साखराबाई गादीवर आडवी झाली. डोक्यावरच्या सळ्यांवरून तिने सावकाश हात फिरवला. तिचा चेहरा सैल पडला होता.

"भाऊ, अख्खं छत आलं तरी झेलंल ना ही जाळी?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पुनमलाही हाताला धरून आत ओढून घेतलं.