आधी तू

“चार वाजेपर्यंत यांच्या पोटात काही गेलं नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल,” एवढं सांगून डॉक्टर निघून गेले. खोलीत उरल्या तिघी. पलंगावर ओठ घट्ट मिटून बसलेल्या रत्नाकाकू, त्यांची सून राधिका आणि हातात मऊ भाताचा वाडगा घेतलेली नर्स मेरिसेल. खिडकीबाहेर अमेरिकेतल्या नेपरव्हिलचा बर्फ भुरभुरत होता.

नळीचं नाव ऐकूनच राधिकाचे डोळे भरले. अर्धांगाच्या झटक्यानं काकूंची वाचा गेली होती, उजवा हात गेला होता. पण गिळता येत होतं, तसं तपासूनही झालं होतं. तरी दोन दिवस काकू तोंड उघडेनात. राधिकानं घरून भात आणला, मेतकूट आणलं, कढवलेलं तूप आणलं. काकूंचं आपलं एकच. डाव्या हातानं वाडगा लोटायचा.

“आई, प्लीज. दोन घास तरी,” राधिका म्हणाली.

काकूंनी वाडगा मेरिसेलच्या दिशेनं ढकलला आणि तिच्याकडे बोट केलं.

“सॉरी हं,” राधिका मेरिसेलला म्हणाली. “हे घेऊन जा, म्हणतायत.”

सकाळी सातपासून मेरिसेल उभी होती, आणि बारा तासांची ही सलग तिसऱ्या दिवशीची ड्यूटी. पोटातले कावळे ओरडून ओरडून गप्प झाले होते. कॉलेजात शिकणाऱ्या लेकीला, मिकाला, मात्र तिनं साडेबाराला न चुकता फोन केला होता. “जेवलीस का?” “हो गं मॉम, रोज काय तेच.” इथे माणसं भेटली की ‘कशी आहेस’ म्हणतात आणि उत्तर देईपर्यंत चार पावलं पुढे गेलेली असतात. तिच्या गावी, फिलिपिन्समध्ये, भेटल्या भेटल्या ‘जेवलीस का’ विचारतात आणि उत्तर ऐकायला थांबतात.

काकूंनी पुन्हा बोट केलं. या खेपेला त्यांनी पाचही बोटं जुळवून स्वतःच्या ओठांपाशी नेली, मग पंजा मेरिसेलपुढे उताणा केला. भुवया वर गेल्या आणि तिथेच थांबल्या.

मेरिसेलच्या हातातला चमचा थबकला. तिची आई असंच विचारायची, शेताच्या पलीकडच्या बांधावरून, हाक पोचत नसे तेव्हा.

“त्या वाडगा परत करत नाहीयेत,” ती राधिकाला म्हणाली. “मी जेवले का, ते विचारतायत.”

राधिका सासूकडे बघतच राहिली. मग तिनं कपाळाला हात लावला. “दारात पोस्टमन आला तरी ह्या हातातला घास खाली ठेवायच्या. उपाशी माणसासमोर त्यांना जेवणच जात नाही. आणि आपण दोन दिवस समोर उभ्या राहून नुसतं खा, खा करतोय. मला कसं कळलं नाही, यार.”

पेशंटच्या खोलीत नर्सनं खायचं नाही, असा नियम होता. अकरा वर्षांत मेरिसेलनं तो एकदाही मोडला नव्हता. तिनं घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजायला आले होते. ती गेली, आपला डबा घेऊन आली, पडदा सरकवला आणि खुर्ची ओढून काकूंसमोर बसली. झाकण उघडायला मात्र तिचा हात धजेना. आत भात होता आणि तळलेली सुकी मासळी. वासानं सगळे नाकं मुरडतात म्हणून स्टाफरूममध्ये ती हा डबा कधी गरमही करत नसे.

शेवटी तिनं झाकण काढलं. काकूंचं नाक हललं. त्यांचा जन्म गेला होता मालवणात. चेहऱ्याची जी बाजू शाबूत होती, ती हसली.

मेरिसेलनं हातानंच भात कालवला आणि पहिला घास खाल्ला. तिनं तो गिळेपर्यंत काकू नीट बघत राहिल्या. मग मान डोलावली आणि तोंड उघडलं.

राधिका काकूंना भरवत गेली. एक घास इकडे, एक घास तिकडे. मध्येच मेरिसेल दुसऱ्या पेशंटच्या घंटेकडे कान देऊन थांबली की काकूंचं तोंड लगेच मिटायचं. वाडगा रिकामा झाला तेव्हा डबाही धुतल्यासारखा झाला होता.

मेरिसेलला भरून आलं. पेशंटनं किती खाल्लं, हे ती रोज लिहीत आली होती. तिनं स्वतः खाल्लं का, हे या देशात कुणी विचारल्याचं तिला आठवेना. तिनं हात धुतले, काकूंचा डावा हात उचलला आणि वाकून आपल्या कपाळाला टेकवला. तिच्याकडे थोरामोठ्यांचा आशीर्वाद असाच घेतात. काकूंना ते कुणी सांगावं लागलं नाही. त्यांनी हात तिथेच थोडा वेळ ठेवला.

संध्याकाळी सातला मेरिसेलनं पुढच्या ड्यूटीच्या नर्सला सगळं समजावलं. औषधं कोणती, रक्तदाब किती, नळी रद्द झाली.

“रद्द? म्हणजे जेवतात आता?”

“छान जेवतात,” मेरिसेल कोट चढवत म्हणाली. “फक्त तू उपाशी जाऊ नकोस.”