दोराच्या अलीकडे

दुर्बीण एकच होती आणि ती आई सोडत नव्हती.

“अगं, मलाही बघू दे की जरा,” बाबा म्हणाले.

“तुम्हाला चष्म्यावरून काही दिसायचं नाही. ते उजवीकडचं धूड बघा, नुसत्या डोळ्यांनी दिसतंय. जेवून पडलंय, अगदी तुमच्यासारखं.”

बाबा हसले. थोरलीही हसली. धाकटा गेल्यापासून आईनं केलेली ही पहिली थट्टा होती.

पहाटे गाडी काढून तिघं या किनाऱ्यावर आले होते. वाळूत खुंट्या ठोकून दोर बांधला होता आणि दोरापलीकडे समुद्रातून वर आलेले सील पसरले होते, भिजलेल्या पोत्यांसारखे. दोर ओलांडायचा नाही, आणि पिल्लू एकटं दिसलं तरी जवळ जायचं नाही, असं पहारेकऱ्यानं आल्या आल्या बजावलं होतं. आया मासे धरायला समुद्रात जातात, पिल्लं तासन्‌तास निपचित पडून राहतात. घाबरून जायचं कारण नसतं.

सहल खरं तर धाकट्याची. दवाखान्यातल्या खाटेवर पडल्या पडल्या त्यानं आणि आईनं ती आखली होती. निघायचं कधी, डब्यात काय, पुढच्या सीटवर कोण. हे चालू असताना बाबा आणि थोरली खिडकीबाहेर बघत उभे राहायचे. डॉक्टरांचं बोलणं त्या दोघांनी दारातच अडवलं होतं. आईपर्यंत पोचायचं ते “आज जरा बरा आहे” एवढंच. तिला सोसणार नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. मग एका दुपारी सगळं आटोपलं, आणि आईला मुलाचा निरोपसुद्धा घेता आला नाही, असं दोघांच्या मनात राहून गेलं. त्यावर बाप-लेक आजवर एकमेकांशी चकार शब्द बोलले नव्हते.

आई हात धुऊन येते म्हणून पहारेकऱ्याच्या खोलीकडे गेली, तेव्हा थोरलीची नजर डावीकडे वळली. खडकाच्या कडेला एक पांढुरकं पिल्लू पडलं होतं. एक पक्षी चालत चालत त्याच्यापाशी आला. त्यानं पिल्लाच्या डोळ्यावर चोच मारली. पिल्लू हललं नाही. त्याची आई शेजारीच होती. ती नाकानं त्याला ढकलायची, थांबायची, पुन्हा ढकलायची.

“बाबा.”

“बघितलं,” बाबा हळूच म्हणाले. “हिला दिसता कामा नये.”

हात धुवायला आईला बराच वेळ लागला. ती परत येईपर्यंत बाबा खडकाच्या बाजूला आडोसा करून बसले होते. तोंडावर ऊन घेऊन कसले बसता, पाठ करा त्याच्याकडे, असं म्हणत आईनं त्यांना वळवून बसवलं आणि दुर्बीण पुन्हा डोळ्यांना लावली.

थोरली पाणी आणायच्या निमित्तानं पहारेकऱ्याकडे गेली. खडकाजवळच्या पिल्लाचं आम्हाला कळलंय, पण आईला कळायला नको, तिनं विचारलंच तर झोपलंय म्हणा, असं तिनं त्याला विनवलं. घरी नुकतंच, एवढं बोलून तिला पुढे बोलवेना. पहारेकऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. मग बरं म्हणाला.

त्यानंतर उरलं ते फक्त तिथून निघणं, आणि तेच जमेना. बाबांनी गुडघ्यांची तक्रार करून बघितली. आई म्हणाली, तुम्हाला बसायचं असेल तर बसू, एवढ्या लांब काय रोज येणार आहोत? तिला बसायचंय असं बाबांना वाटलं. माझं काय, मी रात्रीपर्यंत बसेन, असं त्यांनीही सांगून टाकलं. डबे उघडले गेले. स्वतः कुणी फारसं खात नव्हतं, पण प्रत्येकजण दुसऱ्याला वाढत होता.

आई बोलत सुटली होती. हा सील तुमच्या ऑफिसातल्या साहेबांसारखा, ती बघ, दुपारची आडवी झालेली तुझी मावशी. एवढी बोलती झालीय, तर तिचा हा दिवस नासायला नको, म्हणून थोरली प्रत्येक वेळी हसली. मधूनच तिचे डोळे खडकाकडे जायचे. ते ढकलणं अजून चालूच होतं. दोराच्या अलीकडे बसून कुणाला काही करता येण्यासारखं नव्हतं.

उन्हं उतरली तसे आई-बाबा एकदाचे गाडीकडे निघाले. भरतीचं पाणी पिल्लापर्यंत आलं होतं. लाटेनं ते जरा सरकलं, तशी त्याची आई लगबगीनं त्याच्या मागोमाग गेली. थोरलीनं तिकडे पाठ केली आणि ती पहारेकऱ्यापाशी आली. तो खुंट्या आणखी मागे ठोकत होता.

“तुमच्यामुळे निभावलं,” ती म्हणाली. “आईला काही कळलं नाही.”

त्याचा हात थांबला.

“तुमच्या आधी त्याच आल्या होत्या माझ्याकडे,” तो म्हणाला. “तुम्ही दोघांनी विचारलं तर पिल्लू झोपलंय म्हणून सांगा म्हणाल्या. त्यांच्या मुलानं जायच्या आधी हात धरून सांगितलंय म्हणे, ‘आई, आपल्याला सगळं माहीत आहे हे बाबांना आणि ताईला कळू देऊ नकोस, ते मोडून पडतील.’”