मोकळी आई

शर्वरी इस्पितळातून घरी आली, तर दार एका अनोळखी बाईनं उघडलं.

“चपला काढू नका. आत यायचं नाहीये तुम्हाला.”

“हे माझं घर आहे. ईराची आई आहे मी.”

“होतात. भूल दिल्यावर तुमच्या मनगटावरच्या पट्टीचा ‘जागी आहे’ हा संकेत थांबला. गेटवेनं जवळची मोकळी आई शोधली. ती मी.”

मुलांच्या हाका माणसांपर्यंत पोचवणारा शहराचा हा गेटवे शर्वरीनंच जुळवला होता. मुलाची हाक नावाला नाही, नात्याला जोडायची. संकेत तुटला की त्या जागी लगेच दुसरं माणूस पाठवायचं. भूल दिलेल्यांना सवलत देऊ या, असं एक सहकारी म्हणाला, तेव्हा तिनं त्याला भर बैठकीत झापलं होतं. मूल ताटकळता कामा नये, बस्स.

ईरा दाराशी आली.

“ईरू, सांग हिला, मी कोण ते.”

ईरानं तिच्याकडे नीट पाहिलं. डोळ्यांत ओळख होती. राग त्याहून जास्त होता.

“मला ताप आला होता. मी ‘आई’ म्हणून हाक मारली, तर ही आली,” ती म्हणाली, आणि तिनंच दार लावून घेतलं.