बोक्याचं गिऱ्हाईक

“या बोक्याला वेड लागलंय की काय?” भिंगं घासणारा मोबाइलकडे बघत मोठ्याने हसला. “दोनशे तेरा गेम, आणि म्हणतोय किंमत तुम्हीच सांगा!”

चष्म्याच्या दुकानात दुपारची सामसूम होती. ती काउंटरवर एका आजोबांच्या नाकावर नवी फ्रेम बसवत होती. तिचा हात तिथेच थांबला.

“कोण बोका?”

“आहे एकजण. ‘थोरला बोका’ नावाने खेळतो.” भिंगं घासणाऱ्याला असल्या खरेदी-विक्रीचा भारी नाद. “कॉम्प्युटरवर उतरवून घेतलेले गेम सुटे विकता येत नाहीत, ताई. डबी नाही, डिस्क नाही, देणार काय हातात? म्हणून अख्खं खातंच पासवर्डासकट देऊन टाकायचं. कंपनीला चालत नाही, पण लोक देतात. याचं अकरा वर्षांचं खातं आहे. आणि अट काय, तर आज संध्याकाळच्या आत न्या!”

तिने त्याच्या हातातला मोबाइल ओढून घेतला. ‘सगळं द्यायचं आहे. मला आता याची गरज नाही.’ एवढंच लिहिलं होतं.

थोरला बोका म्हणजे तिचा धाकटा भाऊ. लहानपणी साय चोरून खायचा म्हणून तिनेच ठेवलेलं नाव. चौदा महिन्यांपूर्वी त्याच्या मोटरसायकलवर मागे बसलेला मित्र अपघातात गेला. याला साधं खरचटलंही नाही. तेव्हापासून तो चौथ्या मजल्यावरून खाली उतरला नव्हता. वर्कशॉपची नोकरी सुटली, बोलणं आटलं, उरले ते गेम. आईवडील नव्हते, घरात ही दोघंच. आधी आधी ती त्याच्यावर करवादायची. पुढे पुढे मात्र बंद दाराआडून कीबोर्डची खटखट ऐकू आली की तिला बरं वाटायचं. त्याला बघायला घरी आलेल्या डॉक्टरीणबाईंनी तिला एकटीला खोलीबाहेर बोलावून सांगितलं होतं, “जिवापाड जपलेल्या गोष्टी वाटून टाकायला लागला, तर हातातलं काम टाका आणि घरी जा.”

आजोबांची फ्रेम वाकडीच राहिली. भिंगं घासणारा “अहो, माझा मोबाइल!” म्हणून ओरडेपर्यंत ती टॅक्सीत बसली होती.

स्वतःच्या फोनवरून तिने भावाला लावून पाहिलं. बंद. तो कित्येक महिने बंदच असायचा. ताई म्हणून काही विचारलं असतं तरी ‘काही नाही’ एवढंच उत्तर मिळालं असतं. गिऱ्हाइकाशी मात्र तो बोलेल. आणि बोलतोय तोवर खुर्चीत बसून असेल.

‘मी घेतो,’ तिने त्या दुसऱ्या मोबाइलवरून लिहिलं. ‘पण आधी नीट माहिती हवी.’

‘विचारा,’ लगेच उत्तर आलं.

तिला गेममधलं ओ की ठो कळत नव्हतं. आधी ‘जेवलात का’, मग सुचेल ते विचारत सुटली. कुठला चांगला, कुठला कंटाळवाणा, डोळे दुखतात का, मधेच उठलं तर चालतं का. तो प्रत्येकाचं उत्तर देत होता.

‘नवशिक्याला कुठला बरा?’

‘शेतीचा एक आहे. नांगरायचं, पेरायचं, पाणी द्यायचं. कुणी मरत नाही त्यात.’

पुलावर टॅक्सी अडकली होती. पुढे ट्रक, मागे ट्रक. ती लिहीत राहिली. मधेच तिच्या लक्षात आलं, चौदा महिन्यांत तो तिच्याशी इतकं बोलला नव्हता. शेवटी न राहवून तिने विचारलं, ‘विकताय कशासाठी?’

पाठवलं आणि लगेच तिला वाटलं, हे विचारायला नको होतं.

‘समोरासमोर बोलू,’ तिने घाईघाईने लिहिलं. ‘मी पोचतोच आहे.’

‘या. सावकाश या.’

त्यानंतर तिने चार प्रश्न पाठवले. उत्तर नाही. पाचवा पाठवला. कोपऱ्यावर टॅक्सी सोडून ती पळत सुटली. चपलेचा अंगठा तुटला, तशीच पळाली.

इमारतीच्या दारात तो उभा होता. शर्टाची बटणं एक घर चुकलेली, उन्हाने डोळे बारीक केलेले, एक हात भिंतीला टेकलेला.

“तू... खाली?”

“हो. पाय लटपटतायत जरा.”

तिने त्याच्या दंडावर दोन गुद्दे घातले आणि मग तोच दंड घट्ट धरला. “मग उत्तर का देईनास?”

“जिना उतरत होतो ना. कॉम्प्युटर वर, आणि दोन्ही हात कठड्याला.” तो श्वास घ्यायला थांबला. “ताई, सकाळी तेवढ्यापुरता मोबाइल चालू करून वर्कशॉपच्या मालकांना फोन केला. सोमवारपासून ये म्हणाले. खातं हाताशी राहिलं, तर सोमवार उजाडायच्या आत मी परत त्या खुर्चीत बसेन. म्हटलं, आजच काय तो सोक्षमोक्ष लावावा.”

ती पायरीवर मटकन बसली. हसू आणि रडू एकदमच आलं. थोड्या वेळाने तिने नाक पुसलं आणि ओशाळून म्हणाली, “ते गिऱ्हाईक मीच होते रे.”

“माहितीये,” तो तिच्या शेजारी बसत म्हणाला. “कुठलं गिऱ्हाईक आधी ‘जेवलात का’ विचारतं? तेव्हाच ओळखलं. म्हटलं, घाबरून निघालीये, वाटेत एकटीच असेल. घर येईपर्यंत हिच्याशी बोलत राहावं.”