रिकामी गाडी

कुमुदच्या विजेवरच्या छोट्या गाडीत सातच टक्के चार्ज उरला होता आणि नेमकी तेव्हाच पहिल्या अंड्याला चीर गेली. पहाटेपासून लाइट नव्हती. उबवणी यंत्रातली दोनशे अंडी गाडीच्या बॅटरीतून ओढलेल्या वायरवरच तग धरून होती.

"हलीमाभाभी, गाडी घेऊन धावा!" ती फोनवर शेजारणीला ओरडून म्हणाली.

मोठी गाडी बोळाच्या तोंडाशीच अडकली असती. भाभींची तसलीच चिमुकली गाडी मात्र वळणं घेत थेट दारात आली. भाभींनी घाईघाईनं वायर जोडली, यंत्र पुन्हा तापलं आणि पटापट कवचं फुटायला लागली! दोघी काचेला नाक लावून लहान पोरींसारख्या ओरडत होत्या.

दुपारी लाइट आली तोवर भाभींची गाडी पार रिकामी झाली होती.

"चार्ज करून जा की."

"नातवंडं शाळेतून येतील. ढकलत नेते, आहे केवढीशी!"

"थांबा. शेजारणीचं भांडं रिकामं परत देतात होय?"

कुमुदनं अंग सुकलेली चार पिल्लं खोक्यात घालून सीटवर ठेवली आणि मागून जोर लावला. एरवी चाहूलही न देणारी ती गाडी आज बोळभर चिवचिवत घरी गेली.